अर्धवट विमानाचा सौदा
प्रतिनिधी

खाट किंवा कपाट सुट्या भागांच्या खोक्यात आणून घरी जोडणे शहरी वाचकाला आता नवे राहिलेले नाही. अमेरिकेत विमानही असेच मिळते. कारखान्याकडून कापलेले, वाकवलेले, भोके पाडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, रिव्हेटांच्या पिशव्या, आराखड्यांची गुंडाळी आणि जाडजूड मार्गदर्शिका येते. घेणारा ते सारे आपल्या गॅरेजमध्ये मांडतो आणि सुट्ट्या व संध्याकाळी खर्ची घालून काही वर्षांत दोन आसनांचे विमान उभे करतो. ओरेगॉन राज्यातील ऑरोरा येथील व्हॅन्स एअरक्राफ्ट ही या व्यवसायातील सर्वांत परिचित कंपनी. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीच्या ‘आरव्ही’ मालिकेतील ११ हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत.

मात्र जितकी किट विकली जातात तितकी विमाने पूर्ण होत नाहीत. आरव्ही-७ सारख्या दोन आसनी विमानाला दीड ते दोन हजार तासांचे काम लागते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आठवड्याला १० तास दिले तरी ही तीन-चार वर्षांची बांधीलकी झाली. एवढ्या काळात नोकरी बदलते, घरात मूल येते, घटस्फोट होतो, वैमानिकाची वैद्यकीय पात्रता जाते, कधी बांधणाराच निवर्ततो. मग शेपटी पूर्ण, पंख जवळजवळ पूर्ण आणि धडाचा सांगाडा उभा, अशा अवस्थेतील विमान विक्रीला येते. नव्या किटपेक्षा ते स्वस्त असते आणि कारखान्याच्या प्रतीक्षायादीत थांबावे लागत नाही. त्यामुळे हौशी मंडळींना अशा सौद्याचा मोह पडतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तेथे वैमानिकाचा परवाना मिळवलेल्या मराठी वाचकांपैकीही कोणाला तो पडू शकेल. हा सौदा जुन्या मोटारीच्या खरेदीसारखा नाही. मोटार निदान चालवून तरी पाहता येते. येथे जे घ्यायचे ते अजून वाहन झालेलेच नसते, आणि आधीच्या माणसाने झाकून टाकलेल्या चुकीवर पुढे स्वतःचा जीव टांगायचा असतो.

आधी कागद, मग पत्रा

खरेदीदार सहसा गॅरेजमध्ये शिरताच पंखाकडे धावतो. वास्तविक पहिला तास टेबलाशी बसून कागदपत्रे पाहण्यात घालवावा. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या, म्हणजेच एफएएच्या नियमांनुसार अशा विमानाला ‘प्रायोगिक, हौशी बांधणीचे’ या वर्गात उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळते. त्यासाठीची मुख्य अट अशी की, विमानाच्या बांधणीचा मोठा हिस्सा निव्वळ शिक्षण किंवा मनोरंजनाच्या हेतूने काम करणाऱ्या व्यक्तींच्या हातून झालेला असावा. या अटीला बोलीभाषेत ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. ती ५१ टक्के खर्चावर किंवा तासांवर मोजली जात नाही. ठरवून दिलेल्या कामांच्या यादीतील किती कामे हौशी हातांनी झाली, यावर ती मोजली जाते.

अर्धवट विमानाच्या बाबतीत याचा अर्थ काय? आधीचा मालक हौशी असेल तर त्याचे काम या हिशेबात धरले जाते. नव्या मालकाने सारे पुन्हा करण्याची गरज नसते. एकामागून एक तीन-चार हात बदलूनही विमान या वर्गात बसू शकते. परंतु आधीच्या मालकाने पैसे मोजून एखाद्या व्यावसायिक कार्यशाळेकडून पंख तयार करून घेतले असतील, तर ते काम हौशी हिश्शात मोजता येत नाही. विमान पूर्ण झाल्यावर मालकाला ८१३०-१२ क्रमांकाच्या नमुन्यात, नोटरीसमोर, पात्रतेचे निवेदन करावे लागते. निरीक्षक त्याच्या पुष्ट्यर्थ बांधणीच्या नोंदी मागतो. त्या वेळी ‘आधीच्या गृहस्थांनी केले, मला ठाऊक नाही’ हे उत्तर पुरत नाही.

म्हणून बांधणीची नोंदवही हा या व्यवहारातील सर्वांत मौल्यवान ऐवज होय. चांगल्या नोंदवहीत तारीख, केलेले काम, लागलेला वेळ आणि छायाचित्रे असतात. पत्रा बंद होण्यापूर्वी आतील फासळ्यांची, रंगलेपाची आणि बोल्टांची छायाचित्रे घेतलेली असली तर दुधात साखर, कारण आता तो भाग डोळ्यांना दिसणारच नाही. छायाचित्रात बांधणारा स्वतः काम करताना दिसत असेल तर ते हौशी बांधणीच्या पुराव्यालाही उपयोगी पडते. नोंदवही नसेल, बांधणारा हयात नसेल आणि कुटुंबीयांना काही माहीत नसेल, तर विमान कितीही देखणे असले तरी हौशी वर्गात त्याची नोंद होण्याचीच खात्री देता येत नाही. ‘प्रायोगिक, प्रदर्शन’ यासारखे इतर वर्ग आहेत, परंतु त्यांत उड्डाणावर अधिक बंधने येतात. असे विमान सुट्या भागांच्या भावाने घ्यावे, अन्यथा सोडून द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा कागद म्हणजे विक्रीपत्रांची साखळी. विमानाची नोंदणी करताना किट कारखान्याने पहिल्या ग्राहकाला दिलेले विक्रीपत्र आणि तेथून आजच्या विक्रेत्यापर्यंतचा प्रत्येक दुवा दाखवावा लागतो. मधला एखादा मालक सापडेनासा झाला तर तेथेच घोडे अडते. किटचा अनुक्रमांक कारखान्याच्या दप्तरी आपल्या नावावर करून घेणेही आवश्यक. तांत्रिक मदत आणि दुरुस्तीच्या सूचना त्या नावावरच येतात.

एक मुद्दा पुढच्या खर्चाशी निगडित आहे. हौशी बांधणीच्या विमानाची दर १२ महिन्यांनी तपासणी व्हावी लागते. मुख्य बांधकर्त्याला एफएएकडून त्या विशिष्ट विमानापुरते दुरुस्तीकाराचे प्रमाणपत्र मिळू शकते आणि मग ही तपासणी तो स्वतः करू शकतो. प्रमाणपत्र एकाच व्यक्तीला मिळते. अर्धवट विमान घेऊन पूर्ण करणाऱ्यालाही ते मिळण्यास आडकाठी नाही. मात्र या विमानाची पुरेशी माहिती आपल्याला आहे, हे त्याला निरीक्षकाला पटवून द्यावे लागते. ‘९५ टक्के पूर्ण’ विमान घेणाऱ्याला ते पटवणे ‘४० टक्के’ घेणाऱ्यापेक्षा अर्थातच जड जाते.

टक्केवारीचा घोळ

या टक्केवारीविषयी बांधकर्त्यांत एक जुना विनोद आहे : विमानाचे नव्वद टक्के काम झाले, आता फक्त नव्वद टक्के उरले. पंख आणि धड उभे राहिले की विमान विमानासारखे दिसू लागते आणि विक्रेता प्रामाणिकपणेच ‘८० टक्के’ म्हणतो. पण इंजिनाची जोडणी, इंधनाच्या नळ्या, वायरिंग, काचेची छत्री बसवणे, फायबरग्लासची किनार घासणे आणि रंग ही सारी कामे त्या ‘उरलेल्या’ २० टक्क्यांत असतात. त्यांना वेळ तर लागतोच, शिवाय किटच्या किमतीच्या बरोबरीचा खर्च येथेच होतो. इंजिनाची किंमत कित्येकदा संपूर्ण किटच्या किमतीइतकी किंवा त्याहून जास्त असते. तेव्हा जाहिरातीतील टक्केवारी बाजूला ठेवून मार्गदर्शिकेतील प्रत्येक प्रकरण उघडावे आणि झालेले काम त्यासमोर मांडून पाहावे.

पत्रा काय सांगतो

धातूच्या विमानात हजारो रिव्हेट असतात. त्यांच्यावरून बांधणाऱ्याचा हात कळतो. रिव्हेटचे एक डोके कारखान्यात घडलेले असते, दुसरे ठोकून किंवा दाबून तयार होते. या दुसऱ्या डोक्याचे माप ठरलेले आहे : रुंदी रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट, उंची निम्मी. म्हणजे १/८ इंच व्यासाच्या रिव्हेटचे डोके सुमारे ३/१६ इंच रुंद आणि १/१६ इंच उंच हवे. ते मोजण्याची पत्र्याची छोटी मापपट्टी स्वस्तात मिळते. ती खिशात असावी. डोके एका बाजूला कललेले, फार चपटे झालेले किंवा पत्र्यापासून किंचित उचललेले असेल तर ती रिव्हेट सदोष समजावी.

दोन-चार वाईट रिव्हेट कोणाच्याही कामात सापडतात. त्या काढून नव्या बसवता येतात. चिंता करावी ती दोन प्रसंगी. पहिला, वाईट रिव्हेट एकाच भागात दाटीने आढळणे. तेथे हात पोहोचत नव्हता आणि तरीही काम रेटले, असा त्याचा अर्थ. दुसरा, रिव्हेट काढताना भोक मोठे किंवा लंबगोल झालेले असणे. पत्र्याच्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर साधारणपणे रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट असावे लागते. भोक वाढले की हा हिशेब बिघडतो, आणि पंखाच्या मुख्य आधारपट्टीवर म्हणजे स्पारवर असे घडले असेल तर तो भागच बदलावा लागतो. पत्र्यांच्या कडांवरून हलके बोट फिरवून पाहावे. धार लागत असेल तर कडा घासून गुळगुळीत केलेल्या नाहीत, आणि अशा ओरखड्यांतूनच पुढे तडे जातात.

रिव्हेटचे डोके पत्र्याशी समतल बसावे म्हणून भोकाभोवती खळगा दाबतात. या खळग्यांचीही अलीकडची एक कथा आहे. व्हॅन्स कंपनीच्या काही भागांतील भोके २०२२ आणि २०२३ या काळात लेसरने कापली गेली होती. खळगा दाबताना अशा भोकांच्या कडेला तडे जात असल्याच्या तक्रारी बांधकर्त्यांकडून आल्या. कंपनीने चाचण्या घेऊन कोणते भाग बदलावेत आणि कोणते चालतील याची वर्गवारी जाहीर केली. याच सुमारास अन्य आर्थिक अडचणीही साचल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने न्यायालयाकडे पुनर्रचनेसाठी दिवाळखोरी संरक्षण मागितले. किमती वाढल्या, बऱ्याच ग्राहकांनी किट मध्येच सोडले. २०२४ मध्ये कंपनी त्यातून बाहेर पडली आणि व्यवसाय सुरू राहिला. आज बाजारात येणाऱ्या अर्धवट आरव्ही विमानांपैकी काही नेमकी त्या काळातील आहेत. म्हणून किट कारखान्यातून कधी निघाले, त्यात लेसरने कापलेले भाग होते काय, ते बदलले काय आणि बदलले नसतील तर ते आता पंखाच्या आत बंद झाले आहेत काय, ही चौकशी टाळता येणार नाही.

आरव्ही-४ सारख्या जुन्या किटची बाब निराळी. त्यांत भोके बांधणाऱ्याने स्वतः पाडायची असत आणि पंख सरळ राहावा म्हणून लाकडी किंवा लोखंडी साचा उभारावा लागे. नंतरच्या किटमध्ये भोके कारखान्यातूनच पाडून येऊ लागली. ती जुळली की आकार आपोआप बरोबर येतो. साहजिकच जुन्या किटचा पंख पिळलेला नाही ना, हे ओळंबे सोडून मोजूनच पाहावे लागते. पंखाला पीळ असेल तर विमान हवेत एका बाजूला झुकत राहते, आणि तो दोष नंतर सहजी काढता येत नाही.

कारखान्यातून येणाऱ्या पत्र्यांवर ओरखडे पडू नयेत म्हणून निळी प्लास्टिकची पातळ पटली असते. ती तशीच ठेवल्याने पत्रा सुरक्षित राहतो, असा काहींचा समज असतो. प्रत्यक्षात ती काही वर्षांनी चिकटून बसते आणि तिच्याखाली ओल धरून पत्र्याला कीड लागल्यासारखा गंज चढतो. विक्रेत्याच्या परवानगीने एक कोपरा सोलून पाहावा. विमान कोठे ठेवले होते हेही विचारावे. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेतील १५ वर्षे आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील ५ वर्षे यांत पहिली परवडली. अंधारात विजेरी घेऊन पंखाच्या आत डोकावावे. उंदरांचे घरटे दिसले तर ते केवळ किळसवाणे म्हणून सोडून देऊ नये, उंदरांच्या मूत्राने ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

इंधनाच्या टाक्या या विमानांत पंखातच बांधतात आणि सांधे काळ्या, चिकट लुकणाने बंद करतात. हे काम बहुतेकांना नकोसे वाटते आणि ते घाईत उरकलेले असण्याची शक्यता अधिक. टाकीची तोंडे बंद करून एका तोंडावर फुगा बसवतात, हलका हवेचा दाब देतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. फुगा तासन्तास तसाच राहिला तर ठीक. विक्रेता ही चाचणी करू देत नसेल तर टाकी गळते असे गृहीत धरून किंमत लावावी.

फायबरग्लासच्या विमानांबद्दल थोडक्यात सांगायचे तर त्यांत दोष पृष्ठभागाखाली दडतात. नाण्याने हलके टकटक करत गेल्यास पोकळ जागी आवाज बदलतो. राळेचे मिश्रण प्रमाणात होते की नाही, हे मात्र बाहेरून कळत नाही. तेथे नोंदवहीवर आणि जपून ठेवलेल्या नमुन्याच्या तुकड्यांवर भिस्त. लाकडी विमानात सरस कोणता वापरला हे विचारावे आणि कोपऱ्यांत बुरशी शोधावी.

आराखड्यापासून ढळलेला हात

बांधणाऱ्याने आराखड्यात स्वतःच्या मताने केलेले बदल ही अशा विमानांतील सर्वांत धोकादायक गोष्ट. प्रख्यात गायक जॉन डेन्व्हर यांच्या मृत्यूचे उदाहरण या संदर्भात आजही दिले जाते. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्हजवळ त्यांचे लाँग-ईझेड विमान समुद्रात कोसळले. बर्ट रुटान यांनी आराखडलेले हे विमान दुसऱ्या हौशी माणसाने बांधले होते आणि डेन्व्हर यांनी ते नुकतेच विकत घेतले होते. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची खटकी वैमानिकाच्या पुढ्यात होती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती आणि तिच्यावर खुणाही नव्हत्या. ती फिरवण्यासाठी मागे वळताना वैमानिकाचा उजवा पाय नकळत दट्ट्यावर दाबला गेला असावा, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने काढला. इंधन अपुरे असणे आणि खटकीची गैरसोयीची जागा या दोन्ही गोष्टींवर चौकशीत बोट ठेवण्यात आले.

ते विमान अर्धवट नव्हते, पूर्ण होते. म्हणूनच अर्धवट विमान घेणाऱ्याची बाजू एका अर्थी भक्कम आहे. त्याला असे बदल दिसू शकतात आणि ते उलटवताही येतात. याच मंडळाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०११ मधील हौशी बांधणीच्या विमानांचे अपघात तपासले होते. त्यांतील निम्म्याहून अधिक विमाने चालवणाऱ्याने स्वतः बांधलेली नव्हती, तयार विकत घेतलेली होती. तेव्हा आराखडा समोर धरून इंधनाच्या नळ्या, सुकाणूच्या दांड्या आणि आसनांचे पट्टे जेथे बांधले जातात त्या जागा एकेक करून ताडून पाहाव्यात. ‘मी यात थोडी सुधारणा केली आहे’ हे वाक्य विक्रेत्याकडून आले की वही उघडून लिहून घ्यावे. मोठी यंत्रे, जाड गाद्या, जादा दिवे अशा ‘सुधारणां’नी विमानाचे वजन वाढते आणि समतोल ढळतो, हेही लक्षात ठेवलेले बरे.

बोल्टांकडे निरखून पाहावे. विमानासाठीच्या पोलादी बोल्टांच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते. कोऱ्या डोक्याचा, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला बोल्ट एका ठिकाणी आढळला तर तो आणखी कोठे असेल याचा शोध घ्यावा लागेल. वायरिंगचे तसेच. मोटारीची साधी प्लास्टिक आवरणाची तार वापरलेली दिसली तर सारे वायरिंग उपटून नव्याने करण्याचा खर्च हिशेबात धरावा.

इंजिन आणि जुनी यंत्रे

‘इंजिनासह’ ही जाहिरातीतील दोन अक्षरे किंमत एकदम वर नेतात. इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात कितीही वर्षे ‘न वापरता’ पडलेले असले तरी ते नवे राहत नाही. या विमानांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद राहिले की त्यावरचे तेल निथळून जाते आणि तेथे गंज धरतो. तो बाहेरून दिसत नाही. इंजिन सुरू झाल्यावर काही तासांतच कॅमशाफ्ट झिजू लागतो आणि धातूचा कीस सर्वत्र पसरतो. म्हणून इंजिन साठवणीचे तेल भरून, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांची बुचे लावून ठेवले होते काय, हे विचारावे. पुरावा नसेल तर इंजिन उघडून पाहण्याचा खर्च आपल्याच माथी आहे असे समजावे. तासांची मर्यादा संपली नसली तरी १२ वर्षांनी इंजिनाची संपूर्ण दुरुस्ती करावी, अशी लायकमिंगची शिफारस आहे. रबरी नळ्या आणि गॅसकेटही वयानुसार जातात. एखादा ग्राहक विक्रेत्याला, ‘इंजिनाची नोंदवही कोठे आहे?’ असे विचारतो तेव्हा मिळणाऱ्या उत्तरापेक्षा ते द्यायला लागणारा वेळ बरेच काही सांगून जातो.

विमानाच्या दर्शनी फळीवरील इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे तर वयच लहान. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात विमानाचे स्थान आपोआप प्रक्षेपित करणारे एडीएस-बी यंत्र सक्तीचे झाले. त्यापूर्वी हौसेने विकत घेऊन खोक्यातच राहिलेली यंत्रे आज किती उपयोगाची, याचा विचार करावा. हमीची मुदत तर केव्हाच संपलेली असते. यंत्रे सर्वांत शेवटी घ्यावीत, हा जाणत्या बांधकर्त्यांचा सल्ला आधीच्या मालकाने मानला नसेल तर त्याची भरपाई आपण का करावी?

कंपनी आहे काय?

किट बनवणारी कंपनी अस्तित्वात आहे की नाही, हा प्रश्न व्हॅन्सच्या प्रसंगाने पुन्हा ऐरणीवर आला, पण तो जुनाच आहे. जिम बीड यांच्या चिमुकल्या बीडी-५ विमानाची किट १९७० च्या दशकात हजारोंनी घेतली. ठरलेले इंजिन बहुतेकांच्या हाती आलेच नाही आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. याच विमानाची जेट आवृत्ती पुढे ‘ऑक्टोपसी’ या १९८३ च्या बाँडपटाच्या प्रारंभीच्या दृश्यांत झळकली. उदयपूरच्या चित्रीकरणामुळे तो चित्रपट आपल्याकडेही अनेकांच्या स्मरणात असेल. पडद्यावर ते विमान दिमाखात उडत असताना कित्येकांच्या गॅरेजमध्ये त्याचे पत्रे धूळ खात होते. बंद पडलेल्या कंपनीचे किट घेऊच नये असे नाही, पण हरवलेला एखादा भाग स्वतः घडवण्याची तयारी आणि कौशल्य असेल तरच.

किंमत कशी लावावी

विक्रेता आपल्या श्रमाचा मोबदला मागतो. मानवी दृष्ट्या ते समजण्यासारखे असले तरी बाजार तसे मानत नाही. किटच्या यादीतील प्रत्येक वस्तू हजर आहे काय ते खूण करत पाहावे, हजर वस्तूंची आजची कारखान्याची किंमत मांडावी, गहाळ आणि बदलाव्या लागणाऱ्या भागांची वजा करावी, मग हत्यारांचे काही वाढवावे. रिव्हेट ठोकण्याची बंदूक, दाबयंत्र, खळगे पाडण्याची चौकट ही हत्यारे चांगली असतील तर त्यांना खरेच मोल आहे. उत्तम काम असले तर या आकड्याच्या जवळपास जाता येईल. वाईट काम मात्र शून्य किमतीचे नसते, ते उणे किमतीचे असते, कारण ते आधी उकलावे लागते. मृत बांधकर्त्याच्या पत्नीकडून घेत असाल तर तिला या वस्तूंचे मोल ठाऊक नसण्याची शक्यता असते. यादी तिच्यासमोर करावी, हा साधा सभ्यपणा आम्हाला येथे नमूद करावासा वाटतो.

पाहणीला एकट्याने जाऊ नये. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे स्थापन केलेल्या आणि आता ओशकोश येथे मुख्यालय असलेल्या एक्सपरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचे तांत्रिक सल्लागार देशभर आहेत. हे अनुभवी बांधकर्ते आणि मेकॅनिक स्वयंसेवक म्हणून, शुल्क न घेता, सदस्यांचे चालू काम पाहायला जातात. आधीच्या मालकाने अशा भेटी घडवून आणल्या होत्या काय, हे नोंदवहीत पाहावे. झाल्या असतील तर तो माणूस टीका ऐकून घेणारा होता एवढे तरी समजते. त्याच नमुन्याचे विमान पूर्ण करून उडवणारा कोणी जवळपास असेल तर त्यालाच सोबत न्यावे. इतरांना न दिसणाऱ्या जागा त्याला पाठ असतात.

आपल्याकडे किट विमानांची अशी बाजारपेठ उभी राहिलेली नाही. मुंबईत कांदिवलीतील घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचा प्रयत्न मराठी वाचकांना परिचित आहे. ते किट नव्हते, स्वतःच्या आराखड्याचे विमान होते. २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी होण्यास २०१७ साल उजाडले. अमेरिकेतून अर्धवट विमान विकत घेऊन येथे पूर्ण करण्याचा बेत कोणी करत असेल, तर त्याने पत्र्याआधी या महासंचालनालयाशी पत्रव्यवहार करावा.

सौदा ठरल्यावर वाहतुकीचा प्रश्न उरतो आणि अनेक नुकसाने येथेच होतात. आरव्ही-७ चा एकेक पंख साधारण १० ते ११ फूट लांब असतो. तो ट्रकमध्ये आडवा टाकू नये. पुढची कड खाली करून, जाड गालिचा लावलेल्या लाकडी पाळण्यात उभा बांधावा. शेपटीचे भाग गाद्यांत गुंडाळावेत, काचेची छत्री कोणत्याही वस्तूला न टेकता वेगळी ठेवावी. माल भरताना यादी पुन्हा एकदा मोजावी, कारण मूठभर विशेष बोल्टांची पिशवी विक्रेत्याच्या फडताळात राहिली तर ती परत मिळवण्यात आठवडे जातात. विक्रीपत्रे, आराखडे आणि नोंदवही मात्र सामानात टाकू नयेत. ती चालकाच्या शेजारच्या आसनावर, आपल्या हाताशी असावीत.